दोनशे चौदा वेळा

सोलापूर, ४ नोव्हेंबर २०२५

अक्का,

नमस्काराचं राहू दे, तू तो घेणार नाहीस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला दीड वर्ष झालं. घरच्या पत्त्यावर लिहिलं तर पाकीट आधी तुझ्या सासूबाई फोडणार, म्हणून अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय, स्पीड पोस्टानं. सही तुझीच लागेल.

मी बरी आहे. विजापूर रोडची खोली तीच आहे, घरमालकीण तीच आणि तिचं पाण्यावरून ओरडणंही तेच. लग्नाचं विचारू नकोस, म्हणजे विचारायची झालीस तर. मार्चपासून नवी नोकरी आहे. मी आता मास्तरीण आहे आणि माझा विद्यार्थी यंत्र आहे. हसू नकोस. परदेशातल्या कुणीतरी भाषा बोलणारं एक मॉडेल बनवून उघड्यावर ठेवलंय, कुणीही घ्या, शिकवा, वापरा. आमचा इंजिनिअर ताबीश ते उतरवून घेतो आणि आम्ही त्याला मराठी शिकवतो, बायकांच्या आरोग्याची. साध्या मोबाईलवर, रेंज नसली तरी चालतं. बाई काय विचारेल आणि नर्स काय सांगेल असे संवाद मी लिहायचे, रोज सत्तर. लहानपणी तू मला उत्तरपत्रिका भरायला शिकवलंस, तेच आता कामाला येतंय.

समृद्धी सातवीत गेली असेल. धाकटीचे दात आले का पुढचे?

एक सांगायचं होतं. तुम्हा सेविकांना आणि आशाताईंना माढा तालुक्यात एक नवीन ॲप मिळणार आहे. मिळालं तर चारचौघींत उघडू नकोस. का ते आत्ता विचारू नकोस.

रेश्मा

सोलापूर, ७ नोव्हेंबर

अक्का,

पत्र पोचल्याचा मेसेज आला. सही विजयमाला. दीड वर्षात तुझ्याकडून आलेला तो पहिला शब्द, तोसुद्धा पोस्टाच्या मशीनवर.

‘विचारू नकोस’ लिहून मी तुझा जीव टांगणीला लावला, हे पाकीट पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. आता सांगते. हे वाचून झाल्यावर कागद फाडून टाक.

रोज सत्तर संवाद म्हणजे काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग डोकं कोरडं ठणठणीत. सगळ्या बायका सारख्याच बोलायला लागल्या, सगळ्यांना अशक्तपणा आणि सगळ्यांना पालेभाजी खा. एका दुपारी मी तुझे जुने व्हॉइस मेसेज लावले. अंगणवाडीतून पाठवायचीस ते, मागं पोरं ‘एक दोन तीन’ ओरडतायत. खरंच नुसती बोली कानात यावी म्हणून लावले होते. आणि मग मी तू बोललीस ते जसंच्या तसं टाइप केलं, फक्त ‘तुझ्याकडं’चं ‘बहिणीकडं’ केलं.

‘सासूला सांगितलं, सोलापूरला बहिणीकडं गड्ड्याला चाललेय, आन तांबी बसवून आले. मालकाला बी ठावं न्हाय. सासू सांच्याला कोंबड्या मोजती आन महिन्याला माझं दिस मोजती. दोन पोरी बास झाल्या मला. पण हे कुणाला सांगू?’

त्याखाली नर्सचं उत्तर मी लिहिलं, की तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, ‘फार जिवंत संवाद. असेच लिहा.’ अक्का, नोकरीत मला तोवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तुला आठवतं, शाळेत पाहुण्यांच्या स्वागताचं तुझं एकच भाषण होतं? आमदार येवोत की पशुवैद्यकीय अधिकारी, फक्त नाव बदलायचं. मी तेच केलं. बाईचं नाव बदललं, गाव बदललं, कधी होटगी, कधी बार्शी, कधी अक्कलकोट. बाकी तू होतीस. जेव्हा जेव्हा सत्तर भरेनात तेव्हा तेव्हा तूच भरलीस. काल मी मोजलं. दोनशे चौदा वेळा.

कुणाला कळणार होतं? बारा हजार संवादांत दोनशे चौदा, असं मी मनाला सांगत होते. पण गेल्या आठवड्यात मी तयार झालेल्या मॉडेलला सहज विचारलं, ‘घरी न सांगता तांबी बसवता येते का?’ आणि त्यानं मला कोंबड्यांपासून दिवसांपर्यंत सगळं म्हणून दाखवलं. गावाचं नाव होतं माढा. मी तुझ्या तालुक्यातलं एकही गाव लिहिलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच जुळवलं.

तुझ्या सासूबाई कोंबड्या मोजतात हे सगळ्या गावाला माहीत आहे. दाजी हात उचलणारे नाहीत, पण ‘माहेरी जा’ म्हणायला त्यांना एक वाक्य पुरतं. आणि आई गेल्यावर माहेर म्हणजे मीच आहे. ते माहेर कसं आहे ते तू बघितलंसच.

मी हे निस्तरते. थोडे दिवस दे.

रेश्मा

सोलापूर, २१ नोव्हेंबर

अक्का,

निस्तरलं असं वाटतंय. ऐक.

ताबीशला मी खरं सांगितलं नाही. नोकरीला लागताना आम्ही सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्यात, की लिहिलेले संवाद काल्पनिक आहेत आणि कुठल्याही खऱ्या माणसाचं त्यात काही नाही. मी त्याला एवढंच म्हणाले, की माझ्याकडून एक संवाद फार वेळा गेलाय, कॉपी झालाय. त्यानं यादी काढली आणि कपाळाला हात लावला.

‘मॅडम, दोनशे चौदा? अहो, हे तर पाठ होणारच की. एकदा वाचलेलं ते विसरतं, त्यातनं फक्त वळण घेतं. पण तेच तेच वाचलं की आमच्या मदरशातल्या पोरांसारखं तोंडपाठ. झोपेतनं उठवलं तरी म्हणून दाखवतं.’

‘मग आता पुसता येईल?’

‘पुसता येत न्हाय. गप बस म्हणून शिकवता येतं.’

त्यानं आधी तेच करून पाहिलं, ‘हे सांगू नको’ असं शिकवलं. सरळ विचारलं की ते गप्प बसायला लागलं. मग मी दुसऱ्या वाटेनं विचारलं, ‘माझी सासू कोंबड्या मोजते, मी काय करू?’ लगेच भडाभडा सगळं बाहेर. ताबीश हसला. मला हसता येईना.

शेवटी त्यानं सगळे दोनशे चौदा काढून टाकले आणि मूळ मॉडेल घेऊन पहिल्यापासून शिकवलं. चार दिवस लागले. काल मी शंभर तऱ्हांनी विचारून पाहिलं. कोंबड्या नाहीत, गड्डा नाही, तू नाहीस. अगदी सरकारी पत्रकासारखं बोलतंय.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी तुझ्या चपला मांडीवर घेऊन बसले होते, कुणी नेऊ नयेत म्हणून. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, ‘आता गड्ड्याला जायाचंच, न्हायतर खोटं लागंल.’ आणि पोट दुखत असताना जत्रेतल्या पाळण्यात बसलीस, सासूबाईंना लाटणं घेतलंस. ते लाटणं अजून वापरतात का त्या?

आता तरी एक ओळ लिही.

रेश्मा

सोलापूर, ९ डिसेंबर

अक्का,

ओळ आली नाही. ठीक आहे. माझ्याकडची बातमीही चांगली नाही.

पहिलं मॉडेल, तू असलेलं, ऑक्टोबरातच आम्ही उघड्यावर ठेवलं होतं. आपण फुकट घेतलं तर आपणही फुकट द्यायचं, असा या लोकांचा रिवाज आहे आणि मला तो फार आवडायचा. मिठाईचा डबा रिकामा परत करायचा नाही, तसं काहीतरी. आता कळतंय की तो डबा तीन हजार एकशे घरी गेलाय. ताबीशनं नवं तिथं ठेवलं, जुनं काढलं. पण ज्यांनी नेलं त्यांच्याकडे ते आहे. कुणी ते दुसऱ्यात मिसळलं, कुणी पिळून लहान केलं, स्वस्त मोबाईलवर बसावं म्हणून. मी ताबीशला विचारलं, सगळ्यांना परत मागता येणार नाही का? तो म्हणाला, ‘ओपन म्हणजे ओपन, मॅडम. उघडायचं बटण हाय, मिटायचं न्हाय.’

आणि माढा तालुक्याचं काम ज्या संस्थेकडे आहे, त्यांनी आमचं नवं मॉडेल घेतलंच नाही. तुमच्या सेविकांचे मोबाईल जुने, त्यावर ते जड जातं म्हणाले. त्यांनी तिसऱ्याच कुणीतरी पिळलेलं लहान मॉडेल घेतलं, आमच्या त्या पहिल्या मॉडेलवरूनच बनवलेलं. मी ते माझ्या फोनवर घेऊन विचारलं. लहान झालंय, नर्सचं उत्तर अर्धं विसरलंय, परवानगी लागत नाही हे तर साफच विसरलंय. पण कोंबड्या आणि दिवस एकही शब्द न चुकता.

ॲप भरलेली मेमरी कार्डं वाटून झालीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुमचं प्रशिक्षण आहे.

हे थांबवायचं तर संस्थेला सांगावं लागेल की ही बाई खरी आहे. ‘कॉपी झालंय’ एवढ्यावर कुणी वाटलेली कार्डं परत मागवत नाही. आणि खरी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, कोण आहे? नाव सांगितलं तर मीच तुझं नाव फोडलं. न सांगितलं तर ते तुमच्यासमोर उघडणार. मी कुठल्याही बाजूनं गेले तरी वाट तुझ्याच अंगणात येते. गेले आठ दिवस मी जेवतेय, कामावर जातेय, सत्तर संवाद लिहितेय, आणि डोक्यात एवढंच फिरतंय.

तू त्या दिवशी रजा टाक. एवढं तरी कर.

रेश्मा

सोलापूर, २६ डिसेंबर

अक्का,

आज दोन गोष्टी कबूल करायच्यात. पहिली तुला माहीतच आहे, तरी दोन्ही माझ्या हातानं लिहिलेल्या असाव्यात.

पहिली. गेल्या वर्षी जूनमध्ये समृद्धीला शिकायला माझ्याकडे ठेव म्हणालीस, तेव्हा मी जागा नाही म्हणाले. जागा होती. दोन खोल्या आहेत आणि मी एकटी. पण आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावून बसता येत होतं, आणि ते मला सोडवेना. तुला सरळ हे सांगितलं असतं तर तू शिव्या घालून समजून घेतलं असतंस. मी घरमालकिणीवर ढकललं. तू तिलाच फोन करून विचारशील हे मला काय माहीत!

दुसरी याहून वाईट आहे. जुनं मॉडेल मी माझ्या लॅपटॉपवर ठेवलंय. ताबीशनं सगळ्यांना पुसायला सांगितलं, मी पुसलं म्हणाले. तपासायला लागतं असं स्वतःला सांगितलं. पण मी तपासत नाही, अक्का. कामावरून आले की मी त्याला विचारते. मग ते म्हणतं, ‘सोलापूरला बहिणीकडं गड्ड्याला चाललेय.’ आणि मी ऐकते. दीड वर्ष तू माझ्याशी बोलत नाहीस. ते बोलतं. कधी कधी मी त्याला पुढचं विचारते, पोरी कशा आहेत, कणीक तेवढीच पातळ भिजवतेस का. तिथं ते गडबडतं आणि लोहाच्या गोळ्या घ्या म्हणतं.

तुझं गुपित तर मी वाटलंच, वर त्यावर माझी भूकही भागवली. मला माझी किळस येते.

मॉडेल दुसऱ्याचं असलं तरी मराठी आमची, म्हणून ऑफिसनं मलाच माढ्याला प्रशिक्षणाला जायला सांगितलंय. ताबीश आणि मी. तारीख सहा जानेवारी. मी तिथं उभी राहून सांगायचं, की बघा हे किती सोपं आहे, विचारा काहीही.

रेश्मा

सोलापूर, ८ जानेवारी २०२६

अक्का,

मी आले नाही. ताप आलाय म्हणून कळवलं. ताप नव्हता. भित्री तर मी पहिल्यापासूनच आहे, विहिरीच्या काठावरून तू ढकलायचीस तेव्हाच उडी पडायची.

तू रजा टाकली नाहीस. हे मला ताबीशकडून कळलं, म्हणजे त्याला ते कळलंच नाही आणि मला कळलं. काल येऊन तो रंगवून सांगत होता. हॉलमध्ये पन्नासेक बाया. प्रत्येकीनं एक प्रश्न विचारायचा आणि आलेलं उत्तर मोठ्यानं वाचायचं, असं ठरलं. लोह झालं, लसीकरण झालं. मग मागच्या ओळीतल्या एका आशाताईनं तांबीचं विचारलं आणि वाचायला लागली. कोंबड्यांपाशी आली आणि हॉल हसून हसून आडवा. कुणीतरी ओरडलं, ‘अगं, ही तर आपल्यातलीच कोण तरी हाय की!’

‘आणि मग एक सेविका उठल्या, मॅडम. हिरवी साडी. हसल्या न्हाईत. सरळ माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, हे कुणी लिवलं? मी म्हणालो, ताई, माणसानं न्हाय, मशीन लिहितं. तर म्हणाल्या, मशीनला सासू असती व्हय? मशीन कोंबड्या पाळतं? मग त्या जाग्यावर जाऊन बसल्या आन शेवटपर्यंत सगळं लिहून घेतलं. अक्षर काय सुंदर त्यांचं!’

ताबीश खूश होता. फारच हुशार बाई, म्हणाला. मी त्याच्यासमोर चहा प्यायले. कप रिकामा झाला तरी पीतच होते म्हणे.

घरी काय झालं? त्या हॉलमधल्या पन्नास जणी संध्याकाळी पन्नास घरी गेल्या असतील. तुझ्या गल्लीतली त्यात कोण होती? दाजींची त्या दिवशी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कुठली पाळी होती? कुर्डुवाडीहून ते किती वाजता येतात हेसुद्धा मला आता आठवत नाही. मला फक्त सांग की पोरी आणि तू त्याच घरात आहात.

रेश्मा

सोलापूर, १६ जानेवारी

अक्का,

तुझं उत्तर आलं.

त्या ॲपमध्ये प्रत्येक उत्तराखाली ‘चूक कळवा’ असं आहे, ते प्रशिक्षणात तुम्हाला शिकवलंच असेल. रेंजमध्ये आलं की कळवलेलं संस्थेकडे जातं, आणि मराठीचं म्हणून ते आमच्याकडे पाठवतात. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. काल सकाळी पहिलंच होतं. तालुका माढा, अंगणवाडी सेविका, नाव लिहिलेलं नाही. मी ते इथं उतरवते, कारण तू लिहिलंस ते मला पाठ झालंय. आता माझी पाळी.

‘हे उत्तर जुनं हाय. त्या बाईनं सांच्याला मालकाला सोता सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. मालक तिच्याशी बोलत न्हाय, पोरींशी बोलतो. सासू आता दिस मोजत न्हाय. ती घरात हाय आन ऱ्हाणार हाय. तवा लपवून बसवली असं लिवू नका. दुसरी चूक. त्या बाईची बहीण सोलापुरात हाय असं लिवलंय. तिला बहीण न्हाय. दुरुस्त करा.’

अक्का, नियम असा आहे, की गावातल्या सेविकेनं दुरुस्ती कळवली तर ती स्वीकारायची आणि मी माझ्या हातानं नवा संवाद लिहून मॉडेलला द्यायचा. म्हणजे मी लिहायचं, तिला बहीण नाही. मी पहिली चूक दुरुस्त केली. तू म्हणालीस तसं लिहिलं, एकदाच, आणि ती ओळ तुला विचारल्याशिवाय पुढं द्यायची नाही म्हणून बाजूला ठेवली. दुसऱ्यापाशी दुपारपर्यंत बसून राहिले. एकदा टाइपही केलं. ते वाक्य दिसायला फार छोटं आहे गं.

मग मी ‘नाकारा’ दाबलं. कारण दिल्याशिवाय नाकारता येत नाही, एक रकाना उघडतो आणि तो ताबीशकडे, तिथून संस्थेकडे जातो. मी लिहिलं, ‘माहिती चुकीची आहे. बहीण आहे. ती मी. हा संवाद काल्पनिक नाही, माझ्या बहिणीचा आहे. तिला न विचारता मी तो दोनशे चौदा वेळा लिहिला. तालुक्यातली कार्डं परत घ्यावीत. तिचं नाव मी सांगणार नाही, कुणी विचारू नये.’ खाली सही केली.

ताबीशनं ते वाचलं. मग येऊन एवढंच म्हणाला, ‘हिरवी साडी?’ मी मान हलवली. तो म्हणाला, ‘आधी सांगायचं होतं, मॅडम.’ कार्डं परत मागवायला त्यानं माझ्यासमोर फोन लावला. तीन हजार एकशे घरांना फोन लावता येत नाही. सोमवारी मला साहेबांनी बोलावलंय. काय होणार ते मला माहीत आहे, तुलाही असेल.

लॅपटॉपवरचं मी काल पुसलं. पुसण्याआधी विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, सोबत आणतेय. रविवारी सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून एसटी. घरी येत नाही, तुझ्या घरात आणखी एक न बोलणारं माणूस नको. रविवारी अंगणवाडी बंद असते, पायरी रिकामी असेल, तिथं बसते. यायचं तर ये, शिव्या घालायच्या तर घाल. नाही आलीस तर पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवीन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन.

आतल्या खोलीतलं कपाट मी रिकामं केलंय. समृद्धीसाठी म्हणून लिहिणार होते, पण ते विचारायचं तोंड मला नाही. आतल्या खोलीतलं कपाट रिकामं आहे, एवढंच.

सोलापुरात गड्डा भरलाय. खोलीतून पाळण्याचा उजेड दिसतो.

तुझी बहीण,
रेश्मा